लॅनियरचं पाणी पालटताना

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी माझ्या हातून एक मासा मेला. खायला मारला असता तर त्याचं काही वाटलं नसतं. मालवणात वाढलेल्या माणसाला मासा मेल्याचं सुतक नसतं. पण हा आम्ही सोडून दिला होता. नव्वद फुटांवरून ओढून वर आणला, गळ सोडवला, लेकीने एक फोटो काढला आणि मी दोन्ही हातांनी अलगद धरून त्याला पाण्यात सोडलं. हातभर खाली गेला, आडवा झाला आणि पांढरं पोट वर करून बोटीच्या मागे तरंगायला लागला. जाळीने जवळ घेतला, पुन्हा सरळ धरला, कल्ल्यांतून पाणी खेळावं म्हणून पुढे-मागे हलवला. दहा-बारा मिनिटं तेच करत होतो. कल्ले एकदोनदा उघडले आणि मग थांबले.

"बाबा, तो दमला होता की गुदमरला?" लेकीने विचारलं.

मला उत्तर देता आलं नाही. मासा घरी आणला, साफ केला, कालवण केलं. त्या रात्री कुणाच्याच घशाखाली धड उतरलं नाही. पुढचे अडीच महिने आम्ही दोघं दर शनिवारी लॅनियर तलावावर गेलो, ते खरं म्हणजे तिच्या त्या प्रश्नापायी.

आम्ही अमेरिकेत जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या उत्तरेला, कमिंग गावात राहतो. इकडे मराठी घरं बरीच आहेत, गणपतीत मोदकांना माणसं कमी पडत नाहीत, पण पहाटे पाचला उठून तलावावर यायला तयार असणारं अजून कुणी भेटलेलं नाही. लॅनियर म्हणजे चॅटाहूची नदीवर ब्युफर्ड धरण बांधून अडवलेलं पाणी. धरण १९५६ मध्ये पुरं झालं. तलाव तब्बल ३८,००० एकरांचा, धरणाजवळ दीडशे फुटांच्या वर खोल. दऱ्या बुडल्या तशा शेकडो बोटं पसरावीत तसे त्याला फाटे फुटले. इथे त्यांना क्रीक म्हणतात, मी मनात खाडीच म्हणतो. कित्येक खाड्यांच्या तळाशी जुनी झाडं अजून उभी आहेत. सोनारवर, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर, त्यांचे शेंडे दिसतात, आणि चुकून गळ तिकडे गेला की तो परत येत नाही.

या पाण्यातला आमचा मासा म्हणजे स्ट्राइप्ड बास. सगळे स्ट्रायपरच म्हणतात. चंदेरी अंग, पाठ हिरवट काळी आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत वहीच्या पानावर आखाव्यात तशा सात-आठ काळ्या रेघा. जिभेवर बोट फिरवलं तर दातांचे दोन खरखरीत पट्टे लागतात. मुळात हा समुद्राचा मासा. अटलांटिकच्या किनाऱ्यावर राहतो आणि अंडी घालायला नद्यांत चढतो. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला साउथ कॅरोलायनात सँटी आणि कूपर नद्यांवर धरणं झाली, त्यात काही मासे वरच्या बाजूला अडकले. मरतील असं वाटत होतं, पण ते तिथेच राहिले, वाढले, वर नदीत जाऊन अंडीही घालू लागले. समुद्राशिवाय हा मासा जगू शकतो हे तेव्हा कळलं आणि मग तो दक्षिणेतल्या अनेक तलावांत सोडला गेला. लॅनियरमध्ये मात्र त्याची वीण होत नाही. त्याची अंडी फुटेपर्यंत, म्हणजे साधारण दोन दिवस, वाहत्या पाण्यात तरंगत राहावी लागतात. तळाला बसली की गेली. म्हणून राज्याचा मत्स्यविभाग इथे बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणून सोडतो. इथला प्रत्येक स्ट्रायपर कुणीतरी हाताने सोडलेला आहे, हे कळल्यापासून तो मेलेला मासा मला जास्तच टोचत राहिला.

पहिला शोध मी माशाचा घेतलाच नाही. माझे आजोबा रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, जायचे. किनाऱ्यावर उभे राहून पाण्याचा रंग, लाटेवरची फुटफूट, कुरव पक्ष्यांची घिरटी यांवरून बांगडा कुठे लागलाय ते सांगायचे. मी लहानपणी "मासे कुठे? मासे कुठे?" करत नाचायचो तेव्हा ते म्हणायचे, "आधी पाणी बघ, मगे मासो." ते पाणी वरून दिसायचं. माझं पाणी नव्वद फूट खोल होतं. म्हणून मी शंभर फूट वायरीचा एक साधा तापमापक घेतला आणि दर दहा फुटांवर लोकरीचा रंगीत धागा बांधला. आकडे लिहून घ्यायचं काम लेकीचं. ती चौदा वर्षांची आहे. जॉर्जियात सोळा वर्षांपर्यंत मासेमारीचा परवाना लागत नाही, तेव्हा गळही तिचाच आणि वहीही तिचीच.

पहिल्या शनिवारचं पान अजून तोंडपाठ आहे. वर ८० अंश फॅरनहाइट, म्हणजे आपले २७. तीस फुटांपर्यंत जवळजवळ तेवढंच. चाळीस फुटांवर एकदम ७०, पन्नासवर ६१ आणि नव्वदवर ५४, म्हणजे १२ सेल्सिअस. एकाच तलावात दोन तलाव होते. वरती भर उन्हाळा, खाली थंडी, आणि मध्ये वीसेक फुटांचा उतरता जिना. त्या जिन्याला थर्मोक्लाइन म्हणतात. सोनारची संवेदनशीलता वाढवली की पडद्यावर तो धूसर पट्ट्यासारखा दिसतो. आमचा मासा त्या १२ अंशांतून निघून दोन-तीन मिनिटांत २७ अंशांत आला होता, तोही जिवाच्या आकांताने झुंजत. दमलेल्या माशाला प्राणवायू जास्त लागतो आणि गरम पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो. लेकीने विचारलेल्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या होत्या.

मग तिनेच वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलं: वरचं पाणी ७० च्या खाली आल्याशिवाय गळ टाकायचा नाही. मी हो म्हटलं. मनात म्हणालो, तोवर निदान ते कुठे आहेत ते तरी बघू.

ऑक्टोबर हा सगळ्यात अवघड महिना निघाला. मालवणात ऑक्टोबर म्हणजे घामाच्या धारा. इथे पहाटे स्वेटर, बोटीच्या फळीवर दव आणि काठाची झाडं लाल-पिवळी. वाटायचं, एवढी थंडी पडली म्हणजे मासेही हलले असणार. पण पाणी हवेच्या मागून चालतं, चांगलं दोन-तीन आठवडे मागून. रात्री वरचा थर गार होतो, जड होतो, खाली बुडतो, त्याच्या जागी खालचं थोडं ऊबदार पाणी वर येतं. वारा सुटला की हे ढवळणं जोरात चालतं. असं रोज थोडं थोडं होत वरचा थर गार होत जातो आणि जाडही होत जातो. तो जिना इंचाइंचाने खाली ढकलला जातो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी वर ७४ होतं आणि अडतीस फुटांपर्यंत सारखं.

आणि मासे गायब. धरणाच्या भिंतीजवळ, जिथे उन्हाळाभर सोनारवर माशांच्या जाड कमानींची रांग लागायची, तिथे पडदा रिकामा. मी हट्टाने तीन शनिवार त्याच जागा धरून बसलो. एकदा सापडली जागा की माणूस ती सोडत नाही, ही चूक माझ्याकडून दर वर्षी होते.

डोळे उघडले ते एका हेरिंगने. ब्लूबॅक हेरिंग हे इथलं आमिष. वीतभर, निळ्या पाठीची, आपल्या तारलीच्या गोतातली मासोळी. आमिषाच्या दुकानात डझनावर जिवंत मिळते आणि अतिशय नाजूक असते. गोल टाकी लागते, कारण चौकोनी टाकीच्या कोपऱ्यात ती नाक आपटून मरते. पंपाची हवा लागते, पाण्यात मीठ लागतं आणि खवले निघू नयेत म्हणून हात न लावता उचलावी लागते. मी नुसतं बघायला म्हणून एक हेरिंग ऐंशी फुटांवर सोडली. गळाला काही लागू नये म्हणून टोक मोडून टाकलं होतं. दहा मिनिटांनी ओढली तर मेलेली. थंडीचा धक्का बसला असेल म्हणून दुसरी सावकाश, दर दहा फुटांवर थांबत थांबत खाली नेली. तीही मेली. डोळे शाबूत, अंगावर ओरखडा नाही, फक्त कल्ले फिकट गुलाबी झालेले. तिसरी पस्तीस फुटांवर ठेवली. ती अर्ध्या तासाने टाकीत परत आली आणि बाकीच्यांत मिसळून गेली.

लेकीने तीन ओळी लिहिल्या आणि पेन तोंडात धरून बराच वेळ पाण्याकडे बघत बसली.

गोष्ट अशी आहे. वसंतात वर गरम पाण्याचं झाकण बसलं की खालच्या थंड पाण्याला हवा लागत नाही. वर मेलेलं शेवाळ, पानं, सगळं खाली पडत राहतं, कुजत राहतं आणि त्यात खालचा प्राणवायू महिन्यामहिन्याने संपत जातो. उन्हाळाभर स्ट्रायपर गारव्यासाठी त्या तळघरात राहतो. मोठ्या माशाला २५ अंश सेल्सिअसच्या वरचं पाणी सोसत नाही. वर गरम, खाली कोंदट, मध्ये राहण्याजोगी पट्टी रोज अरुंद. शरद ऋतू येतो तोपर्यंत खालची हवा संपत आलेली असते. वरचं पाणी निवलं रे निवलं की ते तळघर सोडून निघतात. मी ज्या जागा धरून बसलो होतो, तिथे आता मासा श्वासच घेऊ शकत नव्हता.

याची आणखी एक खूण धरणाच्या खाली मिळते. ब्युफर्डचं पाणी खोलातून सुटतं, म्हणून खालची नदी भर उन्हाळ्यात गारठलेली असते आणि दक्षिणेतल्या या उष्ण राज्यातही तिथे ट्राउट हा थंड पाण्यातला मासा जगतो. पाणी सोडण्याआधी भोंगा वाजतो, तो वाजला की नदीतून बाहेर यायचंच. ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही तिथे फिरायला गेलो तर पाण्याला सडक्या अंड्यासारखा हलका वास होता. हाच तो तळघराचा वास. लेकीने नाकाला रुमाल लावला.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी वर ६९ भरलं. तिने वही माझ्यासमोर धरली. पहिल्यांदा खरा गळ टाकला आणि काहीही मिळालं नाही. आता अडचण उलटी होती. उन्हाळ्यात जागा एकच असते, अरुंद पट्टी शोधली की झालं. आता अठ्ठेचाळीस फुटांपर्यंतचं सगळं पाणी त्यांच्या अंगाला मानवणारं होतं, धरणापासून वर नद्यांच्या तोंडापर्यंत. घर मोकळं झालं होतं आणि मासा कुठल्याही खोलीत असू शकत होता. इथून पुढे तापमापक जागा सांगत नाही. आता जेवण कुठे आहे ते बघायचं.

आमिषाच्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ सकाळी कॉफी घेऊन बसलेले असतात. मोजकं बोलतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, "धरण विसरा. खाडीच्या तोंडाशी सुरू करा आणि आत सरकत जा. पक्षी आले का?" पक्षी अजून आले नव्हते. "मग या आठवड्यात पडद्यावर बघा. पुढच्या आठवड्यात आकाशात बघा."

त्यांचं शब्दशः ऐकलं. सिक्स माइल क्रीकच्या तोंडापासून सुरुवात केली. इंजिन हळू, डोळे सोनारवर. गार पाण्याबरोबर लहान मासळी खाड्यांमध्ये शिरते. थ्रेडफिन शॅड नावाची बोटभर मासळी अगदी आतल्या उथळ टोकापर्यंत जाते, हेरिंग मधल्या खोल पात्रावर रेंगाळते. पडद्यावर त्यांचे ढग दिसतात. नुसता गुळगुळीत गोल ढग असेल तर पुढे जायचं. ढगाला कुणी खालून चावा घेतल्यासारखी खाच असेल, तो तुटलेला, ताणलेला असेल तर थांबायचं. असा तुटका ढग सकाळी आठच्या सुमाराला दिसला, पंचवीस फुटांवर, आणि त्याच्या खाली चार तिरप्या जाड रेघा. त्या दिवशी एक मासा लागला आणि सुटला. चूक माझी होती. गोल वळणाचा गळ असला की झटका द्यायचा नसतो. काठी आपोआप वाकू द्यायची, गळ फिरून जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. मी लहानपणच्या सवयीने हिसका दिला. लेक काही बोलली नाही. तिने वहीत "हिसका" एवढंच लिहिलं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पक्षी आले. थंडीची लाट यायच्या आदल्या दिवशीची सकाळ होती, आभाळ खाली उतरलेलं, वारा नैर्ऋत्येचा. लाट येऊन गेली की आकाश निळंभोर होतं आणि मासे दोन-तीन दिवस तोंड उघडत नाहीत. त्यामुळे ही सकाळ मला सोडायची नव्हती. ऑफिसातून अर्धी रजा काढली, लेकीला शाळा नव्हती. वर ६४, साठ फुटांपर्यंत सारखं. खाडीत मध्यापर्यंत आलो तेव्हा दूर पाण्यावर तीस-चाळीस कुरव बसलेले दिसले. बसलेले कुरव पाहून घाई करायची नाही, हे मला आजोबांनी शिकवलं होतं. बसलेला कुरव म्हणजे वाट बघणारा कुरव. आम्हीही इंजिन बंद केलं आणि बॅटरीची छोटी मोटर लावून माणसाच्या चालीपेक्षाही हळू सरकत राहिलो. मागे शंभर फुटांवर दोन हेरिंग सोडल्या, वजन न लावता, नुसत्या पोहत.

वीस मिनिटं काही नाही. लून नावाचा एक पाणपक्षी पाण्यात बुडाला आणि बराच लांब वर आला, चोचीत चमकतं काहीतरी घेऊन.

मग एक कुरव उठला. नंतर पाच. नंतर सगळेच, कलकलाट करत, आणि त्यांच्या खाली टेबलाएवढं पाणी उकळायला लागलं. लहान मासळी पाण्याबाहेर उड्या मारत होती, मूठभर चिल्लर फेकावी तशी, आणि मधूनच एखादी रुंद शेपटी फटकन वाजायची. लेक उभी राहिली. तिच्या हातातली काठी वाकली, आणखी वाकली, रिळातून दोरी सूं करत निघाली. ती ओरडली नाही. तिने हिसका दिला नाही. दोन्ही हातांनी काठी धरून ठेवली आणि मला म्हणाली, "बाबा, तुम्ही फक्त जाळी घ्या."

अठ्ठावीस इंच भरला. गळ जबड्याच्या कोपऱ्यात, बरोबर बसलेला. मी त्याला पाण्यातच ठेवून चिमट्याने गळ काढला. फोटो यावेळी काढलाच नाही. लेकीने बाह्या वर करून त्याला पोटाखालून धरलं. पाणी गार होतं. दोनदा कल्ले उघडमीट झाले, तिसऱ्यांदा त्याने असा झटका दिला की तिच्या चष्म्यावर पाणी उडालं. हिरवट पाठ एक क्षण दिसली आणि मग फक्त पाणी. आम्ही दोघं बराच वेळ मागे बघत राहिलो. काहीच वर आलं नाही.

वहीत तिने लिहिलं: ६४. गेला.

त्यानंतर आणखी दोन लागले. एक सोडला, एक वीस इंचांचा ठेवला. इथे स्ट्रायपर आणि त्याची भावंडं मिळून रोज पंधरा ठेवता येतात, त्यांतले बावीस इंचांवरचे दोनच. आम्हाला एक पुरतो. याच्या तुकड्या करताना कातडीखालची तपकिरी लाल पट्टी काढून टाकायची, तीच उग्र लागते. उरलेलं मांस पांढरं, घट्ट. हळद, तिखट, सोलांचं पाणी, वरून रवा, आणि तव्यावर. कालवण मात्र मी मुद्दाम दुसऱ्या दिवशी केलं, सप्टेंबरच्या कालवणाची चव तोंडातून जावी म्हणून. सगळ्यांनी दुसऱ्यांदा भात वाढून घेतला.

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी गळ नेलेच नाहीत. फक्त तापमापक घेऊन धरणापाशी गेलो, जिथे तो पहिला मासा गेला होता तिथे. पाणी ४ सेल्सिअसला सगळ्यात जड असतं. उत्तरेकडचे तलाव त्याच्याही खाली जाऊन गोठतात, म्हणून ते वर्षातून दोनदा पालटतात, म्हणजे वरचं-खालचं पाणी ढवळून एक होतं. लॅनियर तिथवर पोचत नाही. तो एकदाच पालटतो, हिवाळ्याच्या तोंडाशी. बोचरा वारा होता. लेकीने हातमोजे काढले आणि वायर सोडायला लागली. मी वही घेतली.

"वर ५५." लाल धागा गेला. "५५." पिवळा. "५५." ती थांबली, वायर झटकली, तापमापक बिघडला असं वाटलं तिला. पुन्हा सोडायला लागली. पन्नास फुटांवर ५५. सत्तरवर ५५. जिथे मासा होता त्या नव्वदवर ५४.

"पुढे?" मी विचारलं.

"वायर संपली, बाबा."